स्केटरांच्या नजरेतील श्रेष्ठ स्केटर : पदकांपलीकडचा मान कशावर ठरतो

कोणत्याही कसबाचे मोल दोन ठिकाणी ठरते. एक ग्राहकाच्या किंवा प्रेक्षकाच्या नजरेत आणि दुसरे त्याच कामात हात मुरलेल्या सहकाऱ्यांच्या नजरेत. बंगळुरूच्या वायव्येस तुमकुर रस्त्यालगत पसरलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात यंत्रांचे सुटे भाग घडविणारे असंख्य लहान-मोठे कारखाने आहेत. तेथे तयार झालेला भाग मापात बसला की ग्राहकाचे समाधान होते. शेजारच्या यंत्रावरील कारागीर मात्र त्या भागाचा पृष्ठभाग, कडांची सफाई आणि काम चालू असताना येणारा आवाज यांवरून करणाऱ्याचा हात ओळखतो.

बर्फावरील फिगर स्केटिंग या खेळातही असेच दोन निवाडे होतात. पहिला परीक्षकांच्या गुणपत्रिकेवर आणि दुसरा कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या इतर स्केटरांच्या मनात. हे दोन्ही निवाडे नेहमी जुळतातच असे नाही. ज्यांच्या नावावर ऑलिंपिक सुवर्ण नाही, तरीही ज्यांचा सराव पाहण्यासाठी प्रतिस्पर्धी थांबतात, असे खेळाडू या खेळाच्या प्रत्येक पिढीत झाले आहेत.

सारे काही धारेवर

हा मान कशातून मिळतो, हे समजण्यासाठी आधी ब्लेड समजून घ्यावे लागते. फिगर स्केटिंगच्या ब्लेडची जाडी साधारण 4 मिलिमीटर असते. त्याचा तळ सपाट नसतो. ग्राइंडिंग करून त्यात लांबीच्या दिशेने उथळ पन्हळ काढलेली असते. या पन्हळीच्या गोलाईची त्रिज्या सामान्यतः 11 ते 16 मिलिमीटरच्या दरम्यान ठेवली जाते. पन्हळ खोल असेल तर बर्फावरील पकड वाढते, उथळ असेल तर घसरण सुलभ होते. ग्राइंडिंग यंत्रावर काम करणाऱ्या पीण्यातील कारागिराला ही भाषा परकी वाटणार नाही. इंग्लंडमधील शेफील्ड हे पोलादाचे शहर अशा ब्लेडसाठी दीर्घकाळ प्रसिद्ध आहे.

पन्हळीमुळे एकाच ब्लेडला दोन धारा मिळतात, एक आतली आणि एक बाहेरची. स्केटर ज्या बाजूला झुकतो त्या बाजूची धार बर्फात रुतते आणि त्याचा मार्ग वर्तुळाकार वळतो. दोन्ही धारांवर एकाच वेळी उभे राहणे सोपे असते, परंतु त्यातून ना वळण मिळते ना वेग. म्हणून जाणकार स्केटर दुसऱ्याचे कौशल्य पाहताना प्रथम पाहतो ते त्याच्या धारेची खोली. शरीर किती झुकले आहे, गुडघा किती वाकला आहे, आणि इतके झुकूनही तोल किती शांत आहे, हे त्याचे निकष असतात.

कानही या परीक्षेत भाग घेतात. खोल, स्वच्छ धारेचा आवाज खर्जातला आणि सलग असतो. ब्लेड खरडत असेल तर आवाज कोरडा आणि तुटक येतो. थोड्या ढकलण्यात मोठा वेग मिळविणे, आणि तो मिळविताना प्रयत्न दिसू न देणे, हे स्केटरांमध्ये सर्वांत आदराने पाहिले जाणारे कौशल्य होय. प्रेक्षकाला ते सहज वाटते. ते सहज नाही, हे ज्याने स्वतः करून पाहिले आहे त्यालाच कळते.

बर्फावर कोरलेल्या आकृत्या

या खेळाचे नावच ‘फिगर’, म्हणजे आकृती, या शब्दावरून पडले. स्केटरांना बर्फावर आठच्या आकाराच्या ठरावीक आकृत्या कोराव्या लागत आणि परीक्षक खाली वाकून त्या रेषांची तपासणी करीत. एकेकाळी एकूण गुणांपैकी 60 टक्के गुण या सक्तीच्या आकृत्यांना होते.

1972 च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या बिआट्रिक्स शुबा यांनी आकृत्यांमधील मोठ्या आघाडीच्या बळावर सुवर्णपदक जिंकले. मुक्त स्केटिंगमध्ये त्या सातव्या होत्या. त्याच स्पर्धेत मुक्त स्केटिंगमध्ये पहिल्या आलेल्या अमेरिकेच्या जेनेट लिन यांना कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. लिन यांचा सहज, प्रवाही आविष्कार त्यांच्यानंतरच्या स्केटरांसाठी मापदंड ठरला, तर शुबा यांच्या आकृत्यांची अचूकताही तितक्याच आदराने सांगितली जाते. प्रेक्षकांना मात्र हा निकाल कोड्यात टाकणारा होता. पुढच्याच वर्षी स्पर्धेत लघु कार्यक्रमाची भर पडली आणि आकृत्यांचे महत्त्व घटत गेले. 1990 नंतर त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून हद्दपार झाल्या. आकृत्या गेल्या, तरी त्यांनी घडविलेली धारेची शिस्त हाच आजही समव्यावसायिकांचा निकष राहिला आहे.

उडीतील प्रामाणिकपणा

दूरचित्रवाणीवर उडी पाहणारा प्रेक्षक गिरक्या मोजतो आणि खेळाडू उभा राहिला की पडला ते पाहतो. स्केटर मात्र उडीपूर्वीचा क्षण पाहतो. लुट्झ या उडीत मागे जात असताना बाहेरच्या धारेवरून उसळी घ्यावी लागते आणि शरीर मात्र उलट दिशेने फिरते. हे अवघड असल्याने अनेक खेळाडूंचा पाय अखेरच्या क्षणी नकळत आतल्या धारेवर कलतो. उडी दिसायला तीच राहते, पण तिचा कस निघून जातो. आजच्या पद्धतीत अशा चुकीच्या धारेची नोंद होऊन गुण कापले जातात. सहकाऱ्यांच्या नजरेतून ती त्यापूर्वीही सुटत नसे.

उड्यांची नावे हाही एक प्रकारे समव्यावसायिकांनी दिलेला कायमचा मान आहे. अॅक्सेल ही उडी नॉर्वेच्या अॅक्सेल पॉलसेन यांच्या, सालकोव ही स्वीडनच्या उलरिच सालकोव यांच्या, तर लुट्झ ही ऑस्ट्रियाच्या अलॉइस लुट्झ यांच्या नावाने ओळखली जाते. पाय मागून डोक्यावर ओढून घेत केल्या जाणाऱ्या गिरकीला 1981 च्या विश्वविजेत्या डेनिस बिलमन या स्विस खेळाडूचे नाव मिळाले. पदकांच्या याद्या विस्मरणात गेल्या, तरी ही नावे सरावाच्या वेळी रोज उच्चारली जातात.

पदकांनी न मोजलेली नावे

कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंग यांनी 1988 च्या बुडापेस्ट विश्वस्पर्धेत चार गिरक्यांची उडी यशस्वी केली. स्पर्धेतील अशी ती पहिली मान्यताप्राप्त उडी होती. पुढे त्यांनी चार वेळा विश्वविजेतेपद मिळविले, पण ऑलिंपिक पदक त्यांच्या वाट्याला कधीच आले नाही. तरीही पदन्यास, लय आणि विनोदाची जाण यांसाठी त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

त्यांच्याच देशाचे पॅट्रिक चॅन 2011 ते 2013 असे सलग तीन वेळा विश्वविजेते ठरले आणि 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये त्यांना वैयक्तिक रौप्यपदक मिळाले. उड्यांत ते चुकत, पण खोल धारेवर वेग न गमावता दिशा बदलण्याचे त्यांचे कौशल्य अभ्यासाचा विषय ठरले.

अमेरिकेचे जेसन ब्राउन यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. चार गिरक्यांच्या उड्यांशिवाय पुरुष गटात वर येणे अशक्य मानले जात असताना, 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्यांनी अशी एकही उडी न घेता सहावा क्रमांक मिळविला. दोन घटकांमधील प्रत्येक क्षण भरीव ठेवणे ही त्यांची ओळख आहे.

धाडसालाही या हिशेबात स्थान आहे, विशेषतः ज्या धाडसातून गुण मिळण्याची शक्यता नसते त्याला. फ्रान्सच्या सूर्या बोनाली यांनी 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये, दुखापतग्रस्त असताना, नियमाने बंदी असलेली मागची कोलांटी मारली आणि ती एका पायावर उतरविली. त्या दहाव्या आल्या. ही बंदी आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने 2024 मध्ये उठविली.

जपानचे युझुरू हान्यू यांनी 2014 आणि 2018 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविल्यानंतर बीजिंगमध्ये साडेचार गिरक्यांच्या अॅक्सेलचा प्रयत्न केला. गिरक्या किंचित अपुऱ्या राहिल्या, ते पडले आणि अखेर चौथे आले. सोपा मार्ग उपलब्ध असताना त्यांनी अवघड मार्ग निवडला, ही गोष्ट सहकारी विसरले नाहीत. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या इलिया मॅलिनिन यांनी ती उडी स्पर्धेत प्रथमच यशस्वी केली.

गुणपत्रिका आणि कसब यांतील अंतर

2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधील जोडी प्रकारात परीक्षणाचा मोठा वाद झाला आणि रशिया व कॅनडा या दोन्ही देशांच्या जोड्यांना सुवर्णपदक द्यावे लागले. त्यानंतर सहा गुणांची जुनी पद्धत जाऊन प्रत्येक घटकाला स्वतंत्र मूल्य देणारी पद्धत आली. ऑलिंपिकमध्ये ती 2006 साली तुरिन येथे प्रथम वापरली गेली. 2022-23 च्या हंगामापासून कलात्मक बाजूचे गुण रचना, सादरीकरण आणि स्केटिंग कौशल्य या तीन शीर्षकांखाली दिले जातात. सहकारी ज्याला सर्वाधिक किंमत देतात ते धारेचे कसब अशा रीतीने गुणपत्रिकेवर आहे. मात्र गिरक्या वाढल्या की उडीचे मूल्य झपाट्याने वाढते, आणि धारेच्या कसबाला त्या प्रमाणात गुण मिळत नाहीत.

याचा परिणाम केवळ सौंदर्यापुरता मर्यादित नाही. हलक्या, लहान शरीराला हवेत अधिक गिरक्या घेणे सोपे जाते. त्यामुळे विशेषतः मुलींच्या गटात अल्पवयीन खेळाडूंवर अवघड उड्यांचा भार पडला आणि अनेकींची कारकीर्द ऐन तारुण्यापूर्वीच संपली. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने वरिष्ठ गटासाठी किमान वय 15 वरून टप्प्याटप्प्याने 17 करण्याचा निर्णय घेतला. धारेचे कसब वयाबरोबर पिकत जाते, तर केवळ उडीवर उभा असलेला खेळ शरीर बदलताच ढासळतो. त्यामुळे समव्यावसायिकांचा निकष हा जुन्या आठवणींचा उमाळा नसून खेळाडूच्या आयुष्याशी निगडित असा व्यवहारी निकष ठरतो.

भारतातील स्थिती

भारतात बर्फाचे मैदान दुर्मीळ आहे. शिमल्यात 1920 पासून हिवाळ्यात नैसर्गिक बर्फावर स्केटिंग चालते. देहरादून येथे 2011 मध्ये बंदिस्त रिंक उभारण्यात आली, पण ती दीर्घकाळ बंद राहिली. अमेरिकेत जन्मलेल्या तारा प्रसाद यांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले आहे.

बर्फाअभावी बहुतेक भारतीय मुले चाकांच्या स्केटवरच हा खेळ शिकतात. चाकांच्या स्केटलाही धार असते. पाय एका बाजूला झुकविला की चाकांची जोडी वळते आणि बर्फावरील वर्तुळच सिमेंटवर उमटते. हैदराबादचे अनुप कुमार यामा यांनी 2010 च्या ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेत रोलर कलात्मक स्केटिंगमध्ये वैयक्तिक आणि अवनी पंचाल यांच्यासह जोडी प्रकारात कांस्यपदके जिंकली. 2015 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

बंगळुरू, पुणे किंवा मुंबईतील पालक आपल्या मुलाला या खेळात घालतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा उडीबद्दल असतो. जाणकारांचा निकष लावायचा तर प्रश्न वेगळा विचारावा लागेल. मूल एका पायावर, एका धारेवर, घाई न करता पूर्ण वर्तुळ काढू शकते का? ते जमले की उडीचा पाया तयार होतो. उडी न जमली तरी असे वर्तुळ ओळखणारे सहकारी त्याला रिंकवर नक्कीच भेटतात.