शिशाच्या गोळीचा सांचा व शुक्रनीतींतील नालिकास्त्र

कांहीं महिन्यांपूर्वीं एका संग्राहक मित्रांनीं बंदुकीच्या गोळ्या ओतण्याचा एक सांचा आम्हांस दाखविला. विकणारानें तो शिवकालीन म्हणून दिला होता, आणि पुराव्यादाखल शुक्रनीतींतील नालिकास्त्राच्या श्लोकांची नक्कलहि सोबत जोडली होती.

सांचा हातांत घेतांच आमचें मन साशंक झालें. पितळेचा किंवा लोखंडाचा एवढा ठोकळा वजनांत सुमारें तिप्पट भरावा. रंग पांढुरका, गंजाचा लेश नाहीं. सांडशीसारखे दोन दांडे, मिटणाऱ्या दोन अर्धांत कोरलेली पोकळी, व वर शिसें ओतण्याचें भोंक असलेली, बाजूस सरकणारी लोखंडी पट्टी. धातु ॲल्युमिनियम होता, हें सांगण्यास रसायनशास्त्रज्ञ नको. हा धातु कोपनहेगन येथें ओर्स्टेड यानें १८२५ सालीं प्रथम वेगळा केला. आणि १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू यांनीं विजेच्या साहाय्यानें तो काढण्याची रीति शोधल्यावरच तो सामान्य वापरांत आला. पोकळीचा आकारहि तेंच सांगतो. ती वाटोळी नसून लांबट, टोंकदार व बुडाशीं पोकळ गोळी देणारी आहे. असली गोळी फ्रान्समध्यें मिनिए यानें १८४९ सालीं प्रचारांत आणली.

परदेशांत शिकारी व नेमबाज असल्या सांच्यांतून आजहि घरीं गोळ्या ओततात. शिसें ३२७ अंशांवर वितळतें, ॲल्युमिनियम ६६० वर. म्हणून सांच्यास धोका नसतो, व शिसें त्यास चिकटतहि नाहीं. सांचा पुरता तापेपर्यंत पहिल्या कांहीं गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, त्या पुन्हा कढईंत टाकावयाच्या. पाण्याचा थेंब मात्र शिशांत पडूं नये. त्याची एकदम वाफ होऊन रस अंगावर उडतो. जुन्या काळीं सांचे दगडाचे, पितळेचे व लोखंडाचे असत. ओतण्याच्या तोंडाशीं राहिलेला देंठ छाटल्याची खूण, आणि दोन अर्धांच्या सांध्याची बारीक रेघ, जुन्या गोळ्यांवर पुष्कळदां दिसते. संग्राहकांनीं गोळी घासून लखलखीत करूं नये, तें याचसाठीं.

आतां श्लोकांकडे वळूं. लघुनालिकेची लांबी पांच वितस्ति, दोन्ही टोंकांस नेम धरण्याचे बिंदु, लांकडी दस्ता, दारू ठासण्याची शलाका, आणि गोळी शिशाची, असें तेथें वर्णन आहे. मद्रासचे प्राध्यापक ऑपर्ट यांनीं १८८० सालीं यावरून प्राचीन आर्यांस तोफा व बंदुका ठाऊक होत्या असें प्रतिपादिलें, आणि तें ऐकून आपल्याकडील पुष्कळांस धन्यता वाटली. आम्हांसहि विद्यार्थिदशेंत वाटली होती, हें कबूल केलें पाहिजे. परंतु त्याच वर्णनांत यंत्राच्या आघातानें अग्नि उत्पन्न करणारा दगड कानाशीं बसविला आहे. ही तोड्याची बंदूक नव्हे, चकमकीची आहे. युरोपांत ती सतराव्या शतकाच्या आरंभीं पूर्णतेस आली. १५२६ सालीं पानिपतावर बाबराच्या बंदुका तोड्याच्याच होत्या. हा भाग प्रक्षिप्त मानून बाकीचा ग्रंथ जुना ठरविण्याचा मार्ग कित्येकांनीं धरला. पण लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ सालीं समग्र ग्रंथच एकोणिसाव्या शतकांतील असल्याचें प्रतिपादन केलें, व तें आम्हांस पटतें.

सीसकाचें नाम अमरकोशांत आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडांत शिशानें यातुधानांस विंधण्याचीहि गोष्ट आहे. परंतु तेथें नळी नाहीं, दारू नाहीं. शिसें मंत्रानें भारलेलें आहे, ओतलेलें नाहीं. शब्द जुना म्हणून शस्त्रहि जुनें, असें होत नाहीं.

मित्रांनीं सांच्यावरील चिठ्ठी बदलली. श्लोकांची नक्कल त्यांनीं आम्हांस दिली. अक्षर सुरेख आहे, आणि कागद गिरणीचा.