गाळणी कोणाच्या हातात?

१९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. आपला आवाज असा गाळला गेला.

गाळणीच नसली की काय होते? १ जुलै २०१८, राईनपाडा, जिल्हा धुळे. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी ठेचून मारले. भटक्यांचाच जीव गेला! त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्डची मर्यादा जाहीर केली.

म्हणून चाकण-भोसरीच्या कामगार ग्रुपवरील अ‍ॅडमिन बांधवांनो, तारीख-ठिकाण नसलेला फॉरवर्ड खुशाल अडवा. पण नेत्याला प्रश्न विचारला म्हणून कार्यकर्त्याला रिमूव्ह करता, तेव्हा तुम्ही कोणाच्या खुर्चीत बसलेले असता?