जाड भिंतींचा भरवसा

कन्हेरीसारख्या बारामतीकडच्या गावांत जुनी दगडी भिंत दिसली की तिच्या रुंदीवर आपण विसंबतो. लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या लोकांचाही अशाच भिंतींवर भरवसा होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तो ढासळला. तेव्हाच्या भूकंप-नकाशात तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये त्याची श्रेणी वाढवण्यात आली. परंतु हजारो बळी घेतले ते मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांनी आणि माळवदाच्या ओझ्याने. भिंतींचे आतले-बाहेरचे पदर आरपार दगडांनी सांधलेले नव्हते. हादऱ्यासरशी ते विलग झाले. म्हणून जुन्या वास्तूची पारख करताना आपण जाडीपेक्षा सांधे तपासावेत. ती शंभर वर्षे उभी आहे, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. कदाचित त्या शंभर वर्षांत तिची परीक्षाच झालेली नसेल.