विरोधकांच्या लेखणींतून उरलेलीं माणसें
(निजामशाही साधनांविषयीं एक विचार)

एका अमेरिकन चित्रपटाचा उल्लेख संशोधनविषयक लेखांत करणें प्रथमदर्शनीं अप्रस्तुत वाटेल. परंतु त्यांत उपस्थित झालेला प्रश्न जुने कागद जमविणारांच्या नित्य परिचयाचा आहे. रॉडनी इव्हान्स यांचा 'ब्रदर टु ब्रदर' हा चित्रपट, कोणत्याहि मोठ्या चित्रसंस्थेच्या आश्रयावांचून काढलेला, इ. स. २००४ मध्यें प्रसिद्ध झाला व त्याच सालीं सन्डान्स महोत्सवांत त्यास परीक्षकांचें खास पारितोषिक मिळालें. पेरी नांवाचा न्यूयॉर्कमधील एक कृष्णवर्णी तरुण चित्रकार, पुरुषावर प्रेम करितो म्हणून बापानें घराबाहेर काढलेला, आपल्यासारखे कलावंत पूर्वीं कोणी होऊन गेले काय, याचा शोध करीत आहे. त्यास ब्रूस न्यूजंट (१९०६-१९८७) हा वृद्ध लेखक-चित्रकार भेटतो आणि त्याच्या आठवणींतून १९२६ सालचें हार्लेम डोळ्यांपुढें उभें राहतें. त्या सालीं न्यूजंट, वॉलेस थर्मन, लँग्स्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन इत्यादि मंडळींनीं 'फायर' नांवाचें नियतकालिक काढलें. त्याचा एकच अंक निघाला व उरलेल्या पुष्कळशा प्रती आगींत जळून गेल्या. पुरुषाच्या पुरुषावरील प्रेमाची कथा न्यूजंटनें त्यांत उघडपणें लिहिली. पण घरच्यांच्या भिडेस्तव आडनांव मात्र छापूं दिलें नाहीं.

एकच अंक, जळालेल्या प्रती, गाळलेलें आडनांव! साधनांची ही अवस्था आपणांस नवी नाहीं. तथापि पेरीचें भाग्य असें कीं, ज्याचा वृत्तांत त्यास हवा होता तो मनुष्य स्वतः बोलावयास हयात होता. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) निजामशाहींत कृष्णवर्णी मनुष्य आणि पुरुषाचा पुरुषावरील लोभ या दोन्ही गोष्टी आढळतात. परंतु त्या बहुतेक विरोधकांच्याच हातून आपणांपर्यंत आल्या आहेत.

प्रथम हबशांचें पाहूं. मलिक अंबर हा इथिओपियांत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला व पुढें निजामशाहीचा आधारस्तंभ झालेला पुरुष. त्याची प्रसिद्ध तसबीर काढली ती हाशिम या मोगल चितार्‍यानें. अबुल हसन या दुसर्‍या मोगल चितार्‍यानें तर अंबराचें छिन्न मस्तक भाल्यावर लावून जहांगीर त्यावर बाण सोडीत आहे, असें चित्र रंगविलें. वस्तुतः अंबर जहांगीराच्या हातीं कधींहि लागला नाहीं. तो १६२६ सालीं वार्धक्यानें वारला व खुलताबाद येथें त्याची कबर आहे. चित्र हें येथें घडलेल्या गोष्टीचें साधन नसून चित्र काढविणाराच्या इच्छेचें साधन आहे.

दुसरें उदाहरण मुर्तुजा निजामशहाचें (१५६५-१५८८). साहेबखान नांवाच्या एका देखण्या तरुणावर हा राजा इतका लुब्ध झाला कीं, राज्यकारभार त्याच्या मर्जीप्रमाणें वळूं लागला, असें फेरिस्ता लिहितो. फेरिस्ता हा मुर्तुजाच्याच पदरीं होता; तेव्हां त्याची साक्ष सहज टाकून देतां येत नाहीं. मलिक अंबराचा धनी वजीर चंगेजखान यास राजानें इ. स. १५७४-७५ च्या सुमारास विष देवविलें, त्यामागेंहि साहेबखानाची चहाडी होती असें सांगतात. हा चंगेजखान स्वतः हबशीच होता असें रिचर्ड ईटन यांचें मत आहे. त्याविषयीं एकमत नाहीं. साहेबखान अखेर अमीरांच्या हातून मारला गेला.

या हकीकतींत साहेबखान उन्मत्त व जुलमी, आणि राजा वेडा, एवढेंच दिसतें. जुलूम झाला असेल. तो झांकण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु तीं दोघें एकमेकांस काय समजत, हें त्यांच्या शब्दांत एका ओळीनेंहि उरलें नाहीं. त्यांस आजचें 'समलिंगी' हें नांव देणें घाईचें होईल. पण विषय अवघड म्हणून फेरिस्त्याचा तेवढाच मजकूर सारांशांतून गाळणें, हें त्याहूनहि मोठें प्रमाद होय.

गाळणें हेंहि एक साधनच आहे, याचा पुरावा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहींच आहे. आफताबीकृत 'तारीफ-इ-हुसेनशाही' हें हुसेन निजामशहाच्या स्तुतीचें सचित्र फारसी काव्य. त्यांतील बहुतेक चित्रांत राजाशेजारी बसलेल्या राणी खुंजा हुमायूनच्या आकृतीवर मागाहून रंग फांसलेला आहे. मुर्तुजानें १५६९ सालीं आपल्या या मातोश्रीस सत्तेवरून दूर केलें, त्याचा हा परिणाम असावा असा तर्क आहे. तथापि रंगाखालची बैठक पाहणारास कळतेच. किंबहुना तो रंगच राणी तेथें होती याची साक्ष देतो.

तात्पर्य, याद्या करतांना खोडलेला शब्द, फांसलेली आकृति, फाडलेलें पान व निंदेच्या ओघांत आलेलें नांव यांची नोंद जशीच्या तशी करावी. तिच्यांत पदरचें कांहीं घालूं नये व तिच्यांतून कांहीं गाळूंहि नये. आपल्यासारखें पूर्वीं कोणी होतें काय, असें विचारीत एखादा पेरी उद्यां आपल्या दप्तरखान्याच्या दारीं येईल. त्यास पूर्वज निर्माण करून देणें हें आपलें काम नव्हे. पण जे होते त्यांची खूण पुसून टाकणें, हेंहि आपलें काम नव्हे.