हाड घट्ट होतं, मग धमनी का नाही?

आपल्या रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की रसायनशास्त्राच्या साध्या हिशोबाने त्याचे स्फटिक व्हायलाच हवेत. हाडात ते होतातही. पण तेच रक्त ज्या धमनीतून वाहतं, ती निरोगी माणसात मऊच राहते. कसं काय बुवा? गेले दोन-तीन वीकेंड मी हाच इतिहास वाचतोय, आणि आमच्या धंद्यातल्या एखाद्या चिवट बगसारखी त्याची गोष्ट आहे.

सुरुवात स्वीडनमधल्या उप्सालाची. तिथे थिओडोर स्वेदबर्ग यांच्या प्रयोगशाळेत अल्ट्रासेंट्रिफ्यूज होतं. नमुना प्रचंड वेगाने फिरवायचा, म्हणजे जड-हलके रेणू आपोआप वेगळे होतात. १९४४ साली तिथल्याच काई पेडरसन यांनी गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून एक प्रथिन वेगळं काढलं. गर्भ म्हणजे फीटस, म्हणून नाव ठेवलं फेटुइन. नाव मिळालं, पण हे प्रथिन करतं काय, हे कोडंच राहिलं.

१९६० च्या आसपास माणसाच्या रक्तातही त्याचा भाऊबंद सापडला. आज त्याला फेटुइन-ए म्हणतात. ते तयार होतं यकृतात. पण १९७६ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रिफिट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते हाडात साठतं, आणि तेही रक्तातल्या इतर प्रथिनांच्या मानाने कितीतरी जास्त. यकृतात जन्म, हाडात मुक्काम. म्हणजे काहीतरी काम नक्की होतं!

मग उंदरांमधून हे जनुकच काढून टाकलं. १९९७ मध्ये जर्मनीतल्या विली यानेन-डेखेंट यांच्या गटाने असे उंदीर तयार केले, तर ते बरेचसे ठणठणीत! आपल्याकडे म्हणतात ना, 'माझ्या मशीनवर तर चालतंय', तसंच. मग उंदरांचा वंश बदलून पाहिला. २००३ मध्ये निकाल आला: मूत्रपिंड, हृदय, त्वचा, सगळीकडे कॅल्शियमचे थर. म्हणजे फेटुइन-ए पहारेकरी आहे. कॅल्शियम-फॉस्फेटचे बारीक कण तयार होताहोताच ते त्यांना चिकटतं आणि वाढू देत नाही.

पण मग हाड घट्ट होतंच कसं? मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. कॅलिफोर्नियातल्या पॉल प्राइस यांच्या गटाने २००७ ते २००९ दरम्यान दाखवलं, की हाडातल्या कोलॅजनच्या तंतूंत पाणी आणि छोटे रेणू शिरू शकतात, फेटुइन-ए मात्र आकाराने मोठं म्हणून बाहेरच राहतं. बाहेर पहारा, आत मोकळं रान. त्यामुळे स्फटिक आतच वाढतात. प्रयोगात सीरममधून फेटुइन काढलं, तर तंतू घट्ट व्हायचे सोडून स्फटिक बाहेरच तयार झाले. अडवणाऱ्यामुळेच काम योग्य जागी होतं! अर्थात, फेटुइन नसलेल्या उंदरांचीही हाडं बनतातच, तेव्हा हा एकटाच पहारेकरी नसणार.

हाडाच्या लांबीशीही त्याचा संबंध आहे. २००२ मध्ये टोरांटोच्या गटाला दिसलं की हे उंदीर जन्मतः ठीक असतात, पण मोठेपणी त्यांची मांडीची हाडं आखूड राहतात. २०१७ च्या एका अभ्यासाप्रमाणे, दूध सुटल्यानंतर गुडघ्याकडचं हाडाचं टोक वाढीच्या पट्टीपाशी सरकतं, आणि पाय आखूड राहतात.

हे सगळं उंदरांपुरतं नाही. २००३ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये डायलिसिसवरच्या ३१२ रुग्णांचा अभ्यास आला. ज्यांच्या रक्तात फेटुइन-ए कमी, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त. कमतरतेमुळेच मृत्यू होतो, असं यातून सिद्ध होत नाही. पण मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या धमन्या कडक का होतात, याचा एक धागा नक्की मिळाला.

१९४४ साली हे प्रथिन 'कशासाठी' हे कुणालाच सांगता आलं नसतं. तरी पेडरसननी ते नीट वेगळं करून, मोजून, नाव देऊन ठेवलं. त्याचा उपयोग कळायला पन्नासेक वर्षं गेली. पुढच्या वेळी कुणी 'या संशोधनाचा उपयोग काय?' असं विचारलं, तर मी वासराच्या रक्ताची ही गोष्ट सांगणार आहे.