हवा खायला, जोडीने

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत प्लेग निघाला आणि दोन वर्षांत मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. कोंदट हवेत रोग पोसतो अशी तेव्हाची समजूत होती, म्हणून ट्रस्टने दाट वस्त्या फोडून समुद्राचा वारा आत यावा असे रस्ते काढले. गिरगावच्या उत्तर अंगाने चौपाटीपासून डोंगरीकडे जाणारा सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हा त्यातलाच. दक्षिणेला मरीन लाइन्सपाशी निघणारी प्रिन्सेस स्ट्रीटही त्यातलीच. निदान चुकलं होतं, प्लेग पिसवांमुळे पसरत होता. पण रस्ते राहिले. त्यांच्यावरून वारा पूर्वेला किती गेला कोण जाणे, माणसं मात्र संध्याकाळी पश्चिमेला निघाली. पुढच्या दोन-तीन दशकांत त्या माणसांमध्ये एक नवं दृश्य मिसळलं: नवरा-बायको, दोघंच. हातात पूजेचं तबक नाही, बरोबर सासू नाही, कुणाच्या बारशाला पोचायची घाई नाही. गिरगावात याला ‘हवा खायला जाणं’ म्हणत. कष्टाने वसवलेल्या या गजबजलेल्या बेटावर मध्यमवर्गीय जोडप्याला मिळालेली सुट्टी ती हीच, आठवड्याला दोन-तीन तासांची. ही सुट्टी सुधारकांनी, इंग्रजी कादंबऱ्यांनी किंवा सिनेमाने दिली असं आपण सहज धरून चालतो. मला ते पटत नाही. ती आधी रस्त्याने, ट्रामने, रविवाराने आणि चाळीतल्या एका खोलीने दिली. विचार तोवर बाहेर ताटकळत उभेच होते.

विचार आधी आले होते यात शंका नाही, आणि नेमकी तीच गोष्ट बोलकी आहे. पतिपत्नींनी एकमेकांचे सोबती असावं, बायकोने शिकावं, तिने उजळ माथ्याने घराबाहेर पडावं, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत बोललं, लिहिलं आणि काही घरांत आचरलंही जात होतं. पण ते आचरणाऱ्यांच्या वाट्याला काय आलं ते आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेला निघण्यापूर्वी, १८८३ साली, श्रीरामपूरच्या भाषणात सांगून ठेवलं आहे. मुंबईत पुस्तकं घेऊन शाळेत जाताना लोक खिडक्यांतून डोकी काढून बघत, कुणी गाडी थांबवून बघे, बूट-मोजे घातलेली ही बाई कोण म्हणून रस्त्यात हसत. विचाराचं बळ कमी नव्हतं. आनंदीबाईंच्या गोपाळरावांइतका हट्टी नवरा शोधून सापडला नसता. कमी होती ती जागा, जिथे बाई दिसणं ही बातमी ठरत नाही अशी. उलट उदाहरण र. धों. कर्व्यांचं. संततिनियमनाचं काम त्यांनी १९२१ साली मुंबईत सुरू केलं; नोकरी होती विल्सन कॉलेजात, गणित शिकवण्याची, आणि कॉलेज ऐन चौपाटीवर. या प्रचारापायी १९२५ साली त्यांना ती नोकरी सोडावी लागली. म्हणजे स्त्री-पुरुष सहजीवनाचा सर्वांत नेटका विचार त्या इमारतीतून बाहेर पडत होता, त्याच सुमाराला समोरच्या वाळूवर ज्यांनी कर्व्यांचं एक अक्षर वाचलं नव्हतं अशी जोडपी निवांत बसू लागली होती. विचाराला शिक्षा झाली, सवयीला कुणी हटकलं नाही. सवय विचारातून निघाली असती, तर तिलाही तोच मार खावा लागला असता.

मग ती आली कुठून? पहिली गोष्ट किनाऱ्याची. समुद्र कायमच तिथे होता, पण फिरायला जायची जागा म्हणून नव्हता. बॅकबेच्या काठाला सोनापूरचं स्मशान होतं, कोळ्यांची होड्या-जाळी होती, आणि पहाटेच्या विधींसाठी लोक तिकडे जात ते वेगळंच. गिरगावचा गृहस्थ समुद्राकडे जायचा तो बहुधा तिरडीमागून. १८६०च्या दशकात बीबीसीआय रेल्वेने याच काठाने रूळ टाकले, तेव्हा गाव आणि पाणी यांच्यामध्ये लोखंडाची एक रेघही आली. चर्नी रोड, मरीन लाइन्स ही स्टेशनं त्याच रेघेवरची. किनारा ‘जाण्याजोगा’ झाला तो पुढे, टप्प्याटप्प्याने: केनेडी सी-फेसचा रस्ता, चौपाटीला येऊन भिडलेला सँडहर्स्ट रोड, १९०७ साली घोडे जाऊन विजेवर धावू लागलेली ट्राम, आणि शेवटी भराव घालून १९३०च्या दशकात पुरा होत गेलेला मरीन ड्राइव्ह. या भरावाची एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात जे डेव्हलपमेंट खातं निघालं, त्याच्याकडे दोन मोठी कामं होती. एक, बॅकबे बुजवून नवी जमीन काढणं. दुसरं, वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे कामगारांसाठी २०७ चाळी बांधणं. त्याच आपल्या बीडीडी चाळी, सुमारे १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीच्या. एकाच खात्याच्या कागदांवर जोडप्याला आडोसा न देणारी खोली आणि जोडप्याला बसायला कठडा देणारा किनारा, दोन्ही शेजारी शेजारी आखले गेले. कुणी ठरवून केलं नाही. शहराने मात्र हिशोब असाच जुळवला: आतली जागा काढून घेतली, बाहेरची दिली.

गिरगावच्या चाळी बीडीडीच्या नव्हेत, बहुतेक त्याआधीच्या आणि खासगी मालकांच्या. पण खोलीचं गणित तेच. फणसवाडी, मुगभाट, कांदेवाडी, झावबाची वाडी इथल्या बिऱ्हाडात आई-वडील, धाकटे भाऊ, गावाहून शिकायला आलेला पुतण्या आणि मधोमध नवं लग्न झालेलं जोडपं. खोलीपुढे सामायिक गॅलरी, गॅलरीत शेजारी, टोकाला नळ आणि संडास. दोघांनी चार शब्द बोलायचे तर ते कुणाच्या ना कुणाच्या कानावर पडायचेच. इथे माणूस एकांत शोधत घरात शिरत नाही, घराबाहेर पडतो. आणि बाहेर पडून त्याने निर्जन जागा गाठली असंही नाही. हजार माणसांत, भेळवाल्याच्या कंदिलाशेजारी, वाळूवर बसलं की कुणी कुणाचं ऐकत नाही. ओळखीच्या दहा जणांपेक्षा अनोळखी हजार बरे. इराणी हॉटेलवाल्यांनी ही गरज फार लवकर हेरली आणि ‘फॅमिली रूम’ची पाटी लावून लाकडी पार्टिशनची खोकी उभी केली. चहापावाच्या पैशांत दोन खुर्च्या आणि एक आडोसा! तिथे फॅमिली म्हणजे दोन माणसं, हे गिरगावच्या बिऱ्हाडाला नवं गणित होतं. वेळेचंही तसंच. गिरगावचा रहिवासी बहुतेक फोर्टातला कारकून. रविवारची सुट्टी आणि महिन्याचा बांधलेला पगार त्याला होता, ऑफिस चालत किंवा ट्रामने जाण्याइतकं जवळ होतं, म्हणून संध्याकाळ शिल्लक राहत होती. भाषा नीट ऐकली तर या सवयीच्या मर्यादाही कळतात. नवरा बायकोला फिरायला ‘नेतो’. बायको ‘जाते’ असं कुणी म्हणत नसे. तो चार पावलं पुढे चालायचा, ती मागून, आणि हाक मारायची वेळ आलीच तर ‘अहो’. चाळ मागे पडून ट्रामचा रस्ता ओलांडला की ती चार पावलं दोन व्हायची. मधुचंद्र हा शब्द आपण इंग्रजीवरून उचलला, त्याला माथेरान-महाबळेश्वरची ऐपत लागे. हवा खायला काही लागत नसे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की जोडीने बाहेर पडणं आपल्याकडे कधी नव्हतं? सत्यनारायणाला जोडपंच बसतं, यात्रेला जोडीने जायचा प्रघात आहे. खरं आहे, पण तिथे दोघं एका कामाला बसलेले असतात आणि समोर देव किंवा भटजी असतो. फिरायला जाण्यात काम नाही, हाच या सवयीचा नवेपणा. तरी आक्षेपातला एक धागा मी घेतो: जुन्या प्रथेने नवीला परवाना दिला. बाबुलनाथ चौपाटीला लागून आहे. सोमवारी दर्शनाला म्हणून निघालेलं जोडपं परतताना वाळूवर टेकलं तर सासूला बोलायला जागा नव्हती. वर्षातली मोठी सहल घारापुरीची, तिलाही महाशिवरात्रीची जत्रा हे निमित्त होतं. अपोलो बंदरावरून लाँचने तासाभरात बेट, मग पायऱ्या, मग सहाव्या शतकातलं ते थोरलं लेणं. तिथे लोक त्रिमूर्ती बघायला जातात, पण भिंतीवर खरं बघण्यासारखं आहे ते एका जोडप्याचं चरित्र: लग्नात मान खाली घातलेली पार्वती, कैलासावर सारीपाट खेळताना रुसलेली पार्वती, रावणाने पर्वत हलवला तेव्हाची पार्वती, आणि अर्ध्या देहाची वाटणी करून घेतलेली पार्वती. देवदर्शन म्हणून बायकोला नेलेल्या कारकुनाला याहून सोयीचं देऊळ कुठलं मिळणार? (ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा म्हटलं, तो आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे, पुष्कळ जोडप्यांनी बेटाआधी तोच पाहिला असेल, कारण संग्रहालयाला लागूनच असलेल्या राणीच्या बागेला लाँचचं भाडं पडत नाही.)

दुसरा आक्षेप अनुकरणाचा. साहेब आणि त्याच्यामागून पारशी कुटुंबं समुद्राकाठी हवा खायला येत होती, गिरगावने तेच उचललं. पाहिलं असेल, नाकारत नाही. पण जे दृश्य निदान दोन पिढ्या डोळ्यांसमोर होतं ते उचलायला इतका वेळ का लागला, याचं उत्तर अनुकरणातून मिळत नाही. ट्राम, सपाट किनारा आणि कारकुनी रविवार एकत्र येण्यातून मिळतं. सिनेमाचंही तसंच. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी लागला तो गिरगावच्याच कोरोनेशनमध्ये, आणि त्यातली तारामती होते अण्णा साळुंके. रंगभूमीवर बालगंधर्वांचं राज्य होतं. म्हणजे गिरगावने पैसे मोजून पाहिलेली आदर्श जोडपी बराच काळ दोन पुरुषांची होती! रस्त्यावरचं खरं जोडपं त्या पडद्यावरून उतरलं असं म्हणणं अवघड आहे. एक गोष्ट मात्र माझ्या रस्त्या-ट्रामच्या मांडणीत बसत नाही आणि ती मान्य केली पाहिजे. एप्रिल १९३०मध्ये अवंतिकाबाई गोखले, कमलादेवी चट्टोपाध्याय आणि त्यांच्यामागे असंख्य बायका चौपाटीवर मिठाच्या सत्याग्रहाला उतरल्या. अवंतिकाबाई तर गिरगावातल्याच, हिंद महिला समाजाच्या संस्थापक. ज्या वाळूवर बायकांनी पोलिसांना तोंड दिलं, त्या वाळूवर नवऱ्याबरोबर बसलेल्या बाईकडे बोट दाखवणं त्यानंतर कठीण झालं असणार. इथे विचाराने काम केलं, आणि मोठं केलं. पण तेही जिथे पोचायला रस्ता होता, त्याच जागेवर.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: ही सुट्टी कुणाची? गिरगावपासून दोन-तीन मैलांवर, लालबाग-परळला, रविवार होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली तो गिरणी कामगारांना मिळवून दिला. ट्राम होती. खोली तर आणखी दाट. मग तिथून जोडपी हवा खायला का निघाली नाहीत? कारण जोडपंच नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिरगणत्यांत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका होत्या साधारण सव्वापाचशे ते सव्वासहाशे. गिरणीतला गडी खानावळीत जेवे, गाववाल्यांच्या खोलीत पाळीने झोपे, आणि त्याची बायको रत्नागिरीकडे किंवा घाटावर शेती सांभाळी. हा आक्षेप माझी मांडणी मोडत नाही, उलट तिला टोक आणतो. रस्ता, वार, वाहन असून भागत नाही. दोघांना एका शहरात राहू देणारा पगारही लागतो, आणि तो गिरगावला होता, लालबागला नव्हता. लालबागच्या जोडप्याची सुट्टी वर्षातून एक-दोनदा, शिमग्याला किंवा गणपतीला, भाऊच्या धक्क्यावरून बोटीने सुरू व्हायची आणि बेट मागे टाकून जायची. चौपाटी त्या गड्यानेही पाहिली होती. अनंत चतुर्दशीला, गणपतीमागे, मंडळातल्या पोरांबरोबर, गुडघाभर पाण्यात. गावी न जाता मुंबईतच राहावं लागलं त्या वर्षी.