झिजणाऱ्या भागांचा इतिहास

पोहण्याच्या तलावात तळाशी फिरणाऱ्या सफाईच्या रोबोचा झिजलेला पट्टा बदलणे, यात कसला आलाय इतिहास, असे तुम्ही म्हणाल. पण आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवल्यावर मला आता राजेरजवाड्यांपेक्षा असल्या गोष्टींतच तो जास्त दिसतो.

मुळात तलाव साफ करायला यंत्र लागतेच का? मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाच्या एका कोपऱ्यात पाणी सोडून देण्याची वाट होती. आपल्याकडे विहिरीतला गाळ उन्हाळ्यात, पाणी आटले की काढतात. म्हणजे आधी पाणी बाहेर, मग सफाई. विसाव्या शतकात हा क्रम बदलला. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९१०-११ च्या सुमारास तलावाच्या पाण्यात क्लोरीनचा वापर करून पाहिला गेला. पुढे गाळणयंत्र आणि क्लोरीन यांच्या जोरावर तेच पाणी महिनोन् महिने टिकू लागले. पाणी राहिले, तसा तळाशी बसणारा गाळही राहिला. तो पाणी असतानाच काढणे आले. पिट्सबर्गच्या जॉन डेव्हिसन यांनी तलाव सफाईच्या साधनासाठी पेटंटचा अर्ज केला तो १९१२ मध्ये, याच सुमारास.

माणसाने काठावरून नळी फिरवावी लागणार नाही, असे एक गाजलेले यंत्र १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आले. बेल्जियन काँगोतून तिथे स्थायिक झालेले अभियंते फर्डिनांड शोव्हिए यांचे 'क्रीपी क्रॉली'. याला मोटर नाही, वीज नाही. तलावाच्याच पंपाला नळीने जोडायचे. आत एक झडप इकडून तिकडे हलते, पाण्याचा ओघ क्षणभर अडतो, त्याचा हिसका बसतो आणि यंत्र पुढे सरकते. इतके साधे यंत्र मालकाने घरी उघडावे आणि झिजलेली झडप बदलावी, यात नवल नव्हते.

नंतर विजेवर चालणारे रोबो पसरले. त्यातले 'डॉल्फिन' हे नाव इस्रायलमधल्या यिझ्रेल या किबुत्झचे, म्हणजे सामूहिक वसाहतीचे. तिथल्या लोकांनी १९८३ मध्ये मेट्रॉनिक्स ही कंपनी काढली. पाण्यात वीज म्हणजे धोका, म्हणून काठावरच्या डब्यात विजेचा दाब साधारण २४ ते ३० व्होल्टपर्यंत उतरवून मगच ती रोबोकडे जाते. आतला पंप खालून पाणी ओढतो, गाळतो आणि वरून फेकतो. हाच झोत रोबोला फरशीवर आणि भिंतीवर दाबून धरतो. पकड मात्र ब्रशची आणि रबरी पट्ट्यांची. ती गेली की पंप कितीही ओढो, स्वारी भिंतीवरून घसरलीच!

आमच्या सोसायटीतला रोबो असाच भिंत चढेनासा झाला. एजन्सीचा सल्ला: नवा घ्या. कमिटी जवळजवळ तयारही झाली होती. मग कोणाच्या तरी ओळखीने एक तरुण आला. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो. त्याने रोबो उलटा केला, पट्ट्यावरून बोट फिरवले आणि म्हणाला, "काका, मोटर ठणठणीत आहे. याचे फक्त जोडे झिजलेत."

पट्ट्याचे आतले दात गुळगुळीत झाले होते. क्लोरीन आणि ऊन यांनी रबर कडक होते, ताणले जाते, मग चाकावरून सटकते. त्याने दोन्ही पट्टे एकदम बदलले, कारण एक नवा आणि एक जुना असला की रोबो तिरका पळतो. ब्रश स्पंजासारखा होता. नवा ब्रश कोरडा असताना लाकडासारखा टणक, म्हणून आधी पाण्यात भिजत ठेवला आणि मऊ झाल्यावर बसवला. दांड्याचे प्लास्टिकचे बुश ढिले झाले होते, तेही बदलले. शेवटी पंख्याभोवती गुंडाळलेले केस चिमट्याने काढले. हे केस दांड्यालगतच्या सीलला घासत राहतात, सील गेले की मोटरच्या बंद डब्यात पाणी शिरते. तो डबा उघडण्यासाठी केलेलाच नसतो, अख्खा बदलावा लागतो, आणि यंत्रातला महागडा भाग तोच.

म्हणजे पट्टा, ब्रश आणि बुश यांनी झिजावे आणि मोटर व तलावाची फरशी वाचवावी, अशीच ही योजना आहे. सहाणेवर चंदन झिजावे तसे. पण ही योजना चालते कधी? झिजलेला भाग सुटा मिळाला तर.

सुटा भाग मिळणे आपण गृहीत धरतो, पण तेही कोणीतरी घडवून आणलेले आहे. फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लांक हा बंदूक कारागीर एकसारखे भाग बनवत असे. १७८५ मध्ये थॉमस जेफरसन यांनी त्याच्याकडचे हाताला येतील ते भाग उचलून बंदुकीचे चाप स्वतः जुळवले आणि त्याची हकीकत अमेरिकेला कळवली. त्याआधी भाग मोडला की कारागिराने तो कानशीने घासून त्याच बंदुकीपुरता बसवायचा. एकसारख्या भागांमुळे दुरुस्ती कोणाच्याही हाती आली.

आज ती परत हातातून जाऊ नये म्हणून कायदे करावे लागत आहेत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला. धुलाई यंत्रे, फ्रीज, मोबाईल त्यात आहेत. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये याच विषयासाठी समिती नेमली, आणि शेतीची अवजारे हे तिच्यासमोरचे एक क्षेत्र होते. शेतकऱ्याला हा प्रश्न तलावाच्या मालकापेक्षा कितीतरी अधिक जाचतो, हे सांगायला नको.

असो. आमच्या रोबोचा खर्च नव्याच्या किमतीच्या मानाने किरकोळ आला. पण मला त्या तरुणाचे जास्त वाटते. पट्टे बाजारात मिळेनासे झाले, तर रोबो भंगारात जाईलच, आणि बोट फिरवून दुखणे ओळखणारा तो हातही रिकामा बसेल. म्हणून यापुढे कुठलेही यंत्र घेताना दुकानदाराला किमतीआधी एवढेच विचारा: याचे सुटे भाग किती वर्षे मिळतील?